शाळेचं छत कुणी सांभाळायचं, गावानं की तालुक्याच्या पथकानं?

झेडपी शिक्षक, पुणे जिल्हा
आमची द्विशिक्षकी शाळा, पट 42. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25 हजारांचं संयुक्त अनुदान. वीजबिल, खडू, स्वच्छता त्यातूनच. उरलं तर दुरुस्ती. पावसाळ्याआधी छतावर चढून पाइपात अडकलेला पाला आम्ही दोघं शिक्षकच काढतो. कठड्यातला पिंपळ दरवर्षी कापतो, दरवर्षी तो पुन्हा फुटतो. गळतीचं पत्र दिलं की बांधकाम विभागाचा माणूस अंदाजपत्रकाला येईपर्यंत जून उजाडतो. माझं स्पष्ट मत आहे: दर तालुक्याला शाळांसाठी कायमचं देखभाल पथक हवं. गवंडी, प्लंबर, वायरमन आणि वर एक कनिष्ठ अभियंता. एप्रिल-मेमध्ये त्यांनी प्रत्येक छत बघायचं.

शाळा समिती अध्यक्ष, सातारा
गुरुजी, मान ठेवून विरोध करतो. पथक तालुक्याला बसलं की नळाच्या वायसरलाही अर्ज करावा लागेल. शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक ठेवलेत ते कशासाठी? आमच्याकडे छतदुरुस्तीच्या ठेकेदाराचं बिल मार्चअखेर निघालं आणि जूनमध्ये तिथंच गळायला लागलं. मग लोकवर्गणी काढली, यात्रेचे उरलेले पैसे घातले आणि गावच्या गवंड्याकडून दोन्ही खोल्यांवर कोबा, म्हणजे गळती थांबवायला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, करून घेतला. त्याची स्वतःची पोरं तिथं शिकतात. असं काम दुसरा कोण करेल?

निवृत्त शाखा अभियंता
अध्यक्ष, जुना कोबा काढून नवा टाकला की त्याच्यावरच? चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ दोनशे किलो. एकावर एक थर चढले की तेवढं ओझं वाढतं, आणि खाली स्लॅब आधीच भिजलेला असतो. पाणी सळईपर्यंत गेलं की ती गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट खालून सुटतं. वरून सगळं कोरडं दिसतं. 2017 मध्ये नगरजवळ निंबोडीत पावसात शाळेच्या खोलीचं छत कोसळून तीन मुलं गेली. तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेलो की माझी नजर आधी छताकडे जाते. गवंडी कितीही प्रामाणिक असो, स्लॅब किती भार पेलेल हे सांगणं त्याचं काम नाही.

शाळा समिती अध्यक्ष, सातारा
वरच टाकलाय. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. तरी माझा मुद्दा सोडत नाही: तपासणी अभियंत्यानं करावी, पैसा आणि काम समितीकडे राहू द्यावं.

झेडपी शिक्षक, पुणे जिल्हा
पैशाचं मान्य, तो तुमच्याकडेच असू द्या. पण तपासणीला बोलवायला मुख्याध्यापक कचरतात, त्याचं कारण वेगळं आहे. खोली धोकादायक ठरली की निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून काढून पाडायचा, प्रस्ताव जातो, खोली पाडली जाते, आणि नवी मिळेपर्यंत मुलं देवळात बसतात. पाडायच्या आदेशासोबतच नव्या खोलीची मंजुरी मिळाली, तर लोक आपणहून कळवतील.

शाळा समिती अध्यक्ष, सातारा
साहेब, रविवारी मी वर चढतोय. काय बघू?

निवृत्त शाखा अभियंता
कठड्याजवळ छिन्नीनं छोटा खड्डा पाडून थरांची जाडी मोजा. पाणी जायची वाट मोकळी आहे का बघा. मग खाली येऊन स्लॅब आणि बीम बघा: तडे, फुगलेलं प्लास्टर, उघडी सळई. यातलं काहीही दिसलं तर सोमवारी त्या खोलीत मुलं बसवू नका. फोटो जोडून बांधकाम उपविभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.