विजयदुर्ग अजिंक्य होता, मग १७५६ मध्ये एका दिवसात कसा गेला?

घाटमाथा (प्रश्न)

सातवीच्या मुलांची सहल घेऊन नुकताच विजयदुर्गला जाऊन आलो. वाटाड्याने दरवाजातच सांगितलं की हा किल्ला लढून कुणालाही घेता आला नाही. पुढे बुरुजावर उभं राहून त्यानेच सांगितलं की १७५६ साली इंग्रजांनी तो घेतला. वर्गातल्या एका मुलीने तिथल्या तिथे विचारलं, "सर, मग अजिंक्य कसा?" मी तिला शाळेत सांगतो म्हणालो.

घरी येऊन जे हाताशी होतं ते वाचलं, पण कोडं सुटत नाही. एकामागे एक तीन तट, सत्तावीस बुरूज, तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. कान्होजी आंग्रे यांच्या काळात मुंबईकर इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये हल्ले केले, दोन्ही फसले. १७२४ मध्ये डच सात जहाजं घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. मग त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या वेळी बत्तीस वर्षांत असं काय बदललं? आणि पाण्याखाली जी भिंत आहे म्हणतात, तिला इंग्रजांची जहाजं अडकली कशी नाहीत?

सातबंदर

सर, उत्तर एका ओळीचं आहे. पेशव्यांनी आपल्याच आरमारावर परका आणला. किल्ला इंग्रजांनी घेतला नाही, आपण दिला. मुलांना हेच सांगा.

खाडीकाठ

सातबंदर म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर त्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. पेशव्यांनी इंग्रजांना बोलावलं म्हणून वेढा पडला, हे खरं. पण ज्या तटापुढे तीन हल्ले फुकट गेले तो चोवीस तासांत का नमला, हे त्यातून कळत नाही.

माझं आजोळ वाघोटण खाडीच्या काठी, आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या नावेवर, तांडेल, खलाशांचे म्होरके. आमच्याकडे विजयदुर्ग पाहायचा तो पाण्यावरून. आधी खाडी समजून घ्यायची, मग किल्ला. रस्त्याने येणारा माणूस तट बघतो आणि तटाच्या जाडीवरून किल्ल्याचं बळ ठरवतो. या किल्ल्याचं बळ तटात निम्मंच होतं. निम्मं त्याच्या पाठीमागच्या पाण्यात होतं.

ही खाडी आत दूरवर जाते. वर खारेपाटण आहे, शिलाहार रट्टराजाचा इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला तेच. आज गाळाने पात्र उथळ झालंय, पण जुन्या काळी गलबतं तिथपर्यंत जात आणि घाटावरचा माल तिथे उतरे. म्हणजे मुखावर ज्याचा किल्ला, त्याच्या हाती समुद्रापासून घाटापर्यंतची सगळी वाट. शिलाहार राजा दुसरा भोज याने इथे किल्ला बांधला असं मानतात, पुढे तो आदिलशाहीत गेला, तिथून शिवाजी महाराजांकडे आला, आणि आज दिसणारी तिपेडी तटबंदी त्यांच्याच काळातली सांगितली जाते. हा भाग सगळ्यांना पाठ असतो, म्हणून लांबवत नाही.

कान्होजींनी या जागेचं मर्म ओळखलं. खाडीचं तोंड पश्चिमेच्या लाटेपासून आडोशाला आहे. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद होतो, तेव्हा सगळं आरमार आत घ्यायचं, डागडुजी करायची, आणि दर्या उघडला की बाहेर पडायचं. किल्ल्यापासून थोडं आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, खडक कोरून केलेली गोदी आहे. साधारण साडेतीनशे फूट लांब. भरतीला गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, आत घ्यायची, तोंड बंद करायचं, पाणी काढलं की तळाचं काम सुरू. सर, मुलांना तिथे नेलं नसेल तर पुढच्या खेपेला न्याच. किल्ल्यावर दिवस घालवून गोदी न बघता परतणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण आरमार म्हणजे काय हे तटावर नाही, त्या गोदीत कळतं.

आता लढाईची रीत. आंग्र्यांची गुराब नाळेवरून, म्हणजे पुढच्या तोंडावरून, तोफ डागायची. गलबतांना वल्ही असायची. वारा पडला की इंग्रजांचं जड जहाज जागेवर खिळायचं, आणि ही गलबतं वल्हवत त्याच्या पिछाडीला जायची, जिथे त्याच्या तोफा कमी. उघड्या पाण्यात, पडत्या वाऱ्यात ही रीत बिनतोड होती. म्हणूनच किल्ल्यावर चाल करून येणाऱ्याला दोन संकटं असायची: समोर बुरुजांच्या तोफा आणि कुठल्याही घटकेला खाडीतून बाहेर पडणारं आरमार. १७२० मध्ये इंग्रजांनी 'फ्राम' नावाची जाड लाकडी भिंतींची तरती तोफमाची मुद्दाम बांधून आणली, तीही कामी आली नाही.

१७५६ मध्ये हे दुसरं संकट लढाईआधीच निकामी झालं होतं. सगळं कोडं इथे सुटतं.

घराण्यात फूट आधीच पडली होती. कान्होजींनंतर आरमार सांभाळणारे त्यांचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये गेले. मग त्यांच्या भावांपैकी मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे, असे दोन तुकडे झाले. १७४२ नंतर दक्षिणेचा वाटा तुळाजींकडे आला. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात, बावडेकर अमात्यांशी त्यांचे खटके उडत, आणि नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. वर्षाअखेर तोच जेम्स विजयदुर्गासमोर येऊन पाण्याची खोली मापून गेला. ऐकीव गोष्टींवरून हा किल्ला म्हणजे इंग्रजांना दुसरं जिब्राल्टर, त्यांच्या त्या अभेद्य सागरी ठाण्यासारखा, वाटत होता. जेम्सने सांगितलं की तसं काही नाही, मोठी जहाजं तोफेच्या टप्प्यात जवळ जाऊ शकतात.

तुम्ही भिंतीबद्दल विचारलंय. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी पाण्याखाली जाऊन ती पाहिली आहे: सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद. माझं मत असं की अशी भिंत न मापता येणाऱ्यासाठी असते. जेम्सने ओळंबा टाकून वाट मापली होती, आणि वॉटसनची जहाजं किल्ल्याच्या उत्तरेने, खाडीच्या खोल पात्रातूनच आत शिरली.

यावेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या लहान जहाजांबरोबर इंग्लंडच्या राजाचं आरमार होतं. 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॉल्सबरी', पन्नास ते सत्तर तोफांची जहाजं. असलं काही १७१७ किंवा १७२० मध्ये विजयदुर्गासमोर उभं राहिलं नव्हतं. वर रिअर ॲडमिरल वॉटसन, आणि जमिनीवरच्या फौजेला रॉबर्ट क्लाइव्ह.

तारीख १२ फेब्रुवारी. कोकणात फेब्रुवारीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, दुपारी खारा वारा समुद्राकडून सुटतो. इंग्रज दुपारी शिरले. दोन रांगा केल्या: किल्ल्याच्या बाजूला मोठी जहाजं, त्यांच्या आडोशाला उखळी तोफांच्या नावा. तुळाजींचं सगळं आरमार तेव्हा तटाखाली एकमेकांना बांधून, दाटीने उभं होतं. बाहेर पडायचं तर वारा तोंडावर आणि वाटेत शत्रूची रांग. नाळेवरच्या तोफा फिरवायला जागा नाही, वल्ही टाकायला फट नाही. ज्या गलबतांनी पन्नास वर्षं दर्या राखला ती दावणीच्या गुरांसारखी अडकली. अशात एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे मूळचं कंपनीचं जहाज, आंग्र्यांनीच पूर्वी पकडलेलं. ते पेटलं, दोर जळाले, जळतं जहाज शेजारच्याला लागलं, आणि काही तासांत अख्खं आरमार भस्म झालं. गोदीत बांधणीला असलेली जहाजंही त्या आगीतून सुटली नाहीत.

त्या संध्याकाळनंतर किल्ल्यात राखण्यासारखं उरलं काय? तट उभा होता. बुरूज उभे होते. पण ज्याच्यासाठी ते बांधले, ते आरमार नव्हतं. तुळाजी स्वतः किल्ल्यात नव्हते. बोलणी करायला ते आधीच पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथून परत येऊ शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, किल्ल्याने निशाण उतरवलं. इंग्रजांची माणसं अगदी मोजकी कामी आली.

म्हणून त्या मुलीला सांगा, वाटाड्याचं पहिलं वाक्य जवळजवळ खरं आहे. शिड्या लावून, तट फोडून विजयदुर्ग कुणी घेतला नाही. इंग्रजांनी त्याचं आरमार जाळलं आणि मग दरवाजा उघडला.

सातबंदर

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पण क्लाइव्हचं काय? तो रात्रीच जमिनीवर उतरला होता ना? पेशव्यांच्या फौजेला किल्ल्यात शिरू न देण्यासाठी? मग माझंच म्हणणं खरं ठरतं की.

खाडीकाठ

हो, तो बारा तारखेच्या रात्रीच उतरला आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये जाऊन बसला. हे काही आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. मुंबईहून निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बसून लुटीची वाटणी ठरवली होती, कुणाला किती हिस्सा ते. त्यात दोस्त म्हणवणाऱ्या मराठ्यांचा वाटा शून्य. किल्ल्यात दोनशेहून अधिक तोफा आणि दहा लाख रुपयांच्या आसपास ऐवज मिळाला, तो सगळा त्यांनी आपसांत वाटून घेतला. नंतर किल्लाही सोडेनात. 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव देऊन बसले. पुण्याने तगादा लावला, तेव्हा १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांकडे पक्कं झालं. एक नदीमुख परत मिळवायला दुसरं द्यावं लागलं.

तुमचा राग मी समजू शकतो, माझाही आहे. तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले. आणि वॉटसन-क्लाइव्ह ही जोडी वर्षाच्या आत बंगालमध्ये होती. मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर नदीत शिरून ज्यांनी तोफा डागल्या, त्यांत 'केंट', 'टायगर' आणि 'सॉल्सबरी' होती. जूनमध्ये प्लासी. नदीच्या मुखातून शिरून किल्ला कसा पाडायचा, याची तालीम त्यांनी आमच्या खाडीत केली असं मी म्हणेन.

मृगशीर्ष

थोडं अवांतर. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथे लागला म्हणतात. मुलांना ते सांगावं का?

खाडीकाठ

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, त्याची सावली आपल्या किनाऱ्यावरून विजापूरमार्गे आंध्रकडे गेली हेही खरं. पण ज्या इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरचं नाव इथे घेतात तो त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. ओटे जरूर दाखवा, ग्रहणाची गोष्ट सांगा, शोधाचा दावा नको.

घाटमाथा

फार आभार. सोमवारी वर्गात हेच सांगणार. एकच विचारतो: १७५६ नंतर विजयदुर्गाचं आरमार संपलंच का? मुलं हे नक्की विचारणार.

खाडीकाठ

संपलं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय तास संपवू नका. पेशव्यांनी किल्ला परत घेतल्यावर इथेच आपलं आरमार उभं केलं. धुळप घराण्याकडे त्याची सुभेदारी आली. गावात धुळपांचा वाडा आजही आहे. त्यांच्यातले आनंदराव धुळप मोठे दर्यावर्दी. ८ एप्रिल १७८३ रोजी त्यांनी याच किनाऱ्यालगत इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज अंगावर जाऊन घेतलं. जहाजावर इंग्रजांच्या फौजेतले मोठे अधिकारी होते. लढाई तोफांवर भागली नाही, माणसं जहाजावर चढून हातघाईवर आली. पकडलेलं जहाज आणि कैदी विजयदुर्गाला आणले. तोवर इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह झालेला होता, म्हणून पुढच्या महिन्यात कैदी सोडावे लागले. किल्ला कायमचा गेला तो १८१८ मध्ये, पेशवाईच संपली तेव्हा.

मुलांना पुन्हा आणलंत तर दुपारी आणा, खारा वारा सुटल्यावर. उत्तरेकडच्या तटावर उभं करा आणि खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवून विचारा, इथून शिडाचं जहाज आत्ता बाहेर कसं काढाल? उत्तर त्यांनाच शोधू द्या. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, म्हणजे परतताना गिर्येची गोदीही नीट दिसेल.