आर्क्टिकमधलं मायक्रोप्लास्टिक: आकडे इतके वेगळे कसे, आणि मकताक सोडायचं का?

प्रश्न
२०१४ च्या अभ्यासात आर्क्टिकच्या समुद्री बर्फात घनमीटरला ३८ ते २३४ कण होते. २०१८ मध्ये लिटरला १२,००० पर्यंत! चार वर्षांत एवढी वाढ? शिवाय कॅनडात टुक्टोयाक्टुकजवळच्या शिकारीतल्या सात बेलुगा देवमाशांची आतडी तपासली, सातांतही प्लास्टिक निघालं. मग तिथल्या लोकांनी मकताक (कातडी आणि चरबी) सोडायचं का?

प्रतिसाद १
ही वाढ नव्हे. मोजायची पद्धत बदलली. आधी कण सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी वेचले होते. २०१८ मध्ये अल्फ्रेड वेगेनर संस्थेने (जर्मनीची ध्रुवीय संशोधन संस्था) अख्खा गाळणकागद इन्फ्रारेडने तपासला, थेट ११ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). निम्म्याहून जास्त कण ५० मायक्रॉनपेक्षा लहान निघाले, ते डोळ्यांना दिसणारच नव्हते. सर्वांत लहान कण कितीचा धरलाय ते पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडू नका.

प्रतिसाद २
आतड्यांच्या तपासणीत घोळ कुठे होतो ते सांगतो. आतड्यांत सापडलेलं सगळं १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ४० अंशांवर विरघळवा. ६० अंशांवर पॉलिएस्टर झिजू शकतं. चरबीचा साबण होऊन गाळणकागद तुंबतो, म्हणून गाळलेल्या गरम पाण्याने धुवा. मग घनतेनुसार वेगळं करा. मिठाच्या संपृक्त पाण्याची घनता १.२, पॉलिएस्टरची १.३८, म्हणजे ते तळाशीच बसणार. आर्क्टिकमध्ये तेच जास्त: २०२१ च्या ७१ ठिकाणांच्या अभ्यासात प्लास्टिक कणांपैकी ९२% कृत्रिम तंतू होते आणि त्यांतले ७३% पॉलिएस्टर. १.५ च्या वर झिंक क्लोराइड वापरा, पण आधीचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पूर्ण धुऊन काढा, नाहीतर झिंकचा पांढरा साका बसतो. आणि देवमासा चिरताना शेजारी ओला कोरा गाळणकागद उघडा ठेवा. अंगातल्या फ्लीसचे (पॉलिएस्टरच्या उबदार कापडाचे) तंतू त्यावर सापडतात, तेवढे वजा करता येतात.

प्रतिसाद ३
मकताक सोडायला सांगू नका, कळकळीने सांगतोय. तपासली ती आतडी. त्यावरून कातडी-चरबीबद्दल काही ठरत नाही. नुनावुतमधल्या (कॅनडाचा उत्तरेकडचा प्रदेश) १४२ सीलांच्या पोटांत तर ४२५ मायक्रॉनहून मोठा एकही तुकडा नव्हता. मकताक गेलं की ताटात येतं विमानाने आणलेलं महागडं डबाबंद अन्न. पाऱ्याचा प्रश्न खरा आहे, पण वेगळा: २०११ मध्ये नुनाविकच्या (क्यूबेकचा उत्तर भाग) आरोग्य मंडळाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना बेलुगाचं मांस कमी करायला सांगितलं, कारण पारा मांसात जास्त असतो, मकताकमध्ये कमी.

प्लास्टिकसाठी आधी शिंपले तपासा. नुनाविकमधल्या कांगिक्सुजुआक गावात हिवाळ्यात ओहोटीला पाणी उतरतं, वरचा बर्फ अधांतरी राहतो, आणि लोक भोक पाडून खाली उतरतात. हाती लागतात ते मसल, आपल्या शिणाण्यांचे भाऊबंद. ते पोटासकट खाल्ले जातात.