मदत हवी आहे: भांड्याजवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो

देशी नर, 3 वर्षांचा, नसबंदी झालेली. जेवताना कुणी जवळ आलं की खाणं थांबवतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. पशुवैद्यांनी दात, कान, पोट तपासलं, दुखणं नाही. गुरगुरल्यावर कुणीही ओरडत नाही, कारण ती सूचना दाबली तर पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो.

8 फुटांपासून सुरुवात करून मी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा टाकून लगेच मागे फिरतो, एका जेवणात 5-6 वेळा. अंग सैल राहिलं तरच दुसऱ्या दिवशी अर्धा फूट जवळ. 4 फुटांवर मात्र गाडी अडते. अंतर पुन्हा वाढवावं, की भांडं आणि जागाच बदलावी?

घरात 4 वर्षांचं मूल आहे, म्हणून जेवताना मधलं जाळीचं दार बंदच असतं. पुण्यात मारझोड न करता शिकवणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.