वाटाड्या नाही, बिनीवाले!

इंग्रजी 'पायोनियर'ला, म्हणजे एखाद्या क्षेत्रात पहिल्यांदा नवी वाट पाडणाऱ्याला, मराठीत काय म्हणायचं या प्रश्नावर कुणीतरी 'वाटाड्या' सुचवलंय, पण मला ते तितकंसं पटत नाही, कारण वाटाड्याला वाट आधीच माहीत असते, गडावर जाताना आपण गावातला माणूस सोबत घेतो ना तसा, तो काय नवीन वाट पाडत नाही. त्यापेक्षा आपला 'बिनीचा शिलेदार' बघा की! बिनी म्हणजे सैन्याची सगळ्यात पुढची तुकडी, आणि फारसीत बिनी म्हणजे चक्क नाक, म्हणजे फौजेचं नाक पुढे असा काहीसा अर्थ असावा असं आपलं माझं मत. पेशवाईतले सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले हे नावही त्यावरूनच, मूळ आडनाव चिंचाळकर. पेपरात ओपनिंग बॅट्समनलाही बिनीचे फलंदाज लिहितात.

आणि गंमत म्हणजे पायोनियर पण मुळात लष्करीच, फ्रेंचमधला पायदळातला शिपाई, सैन्याच्या पुढे जाऊन खंदक खणणारा, रस्ता साफ करणारा, म्हणजे हातात कुदळ फावडं! त्याचं मूळ लॅटिनमधल्या पायाच्या शब्दात, इंग्रजी बुद्धिबळातला पॉन पण तिथलाच, आणि आपलं प्यादं फारसीतून आलेलं, तेही पायावरूनच, म्हणजे लांबचे चुलतभाऊच म्हणा ना.