गावच्या घरात व्हिडिओ कॉलसाठी स्मार्ट डिस्प्ले: बसवावा की नाही?

हिंगणघाटकर

पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला आणि घरात दोघंच म्हातारी माणसं, अशी घरं आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत. अशा घरात स्मार्ट डिस्प्ले, म्हणजे आवाजावर चालणारा स्क्रीन, बसवावा, असं माझं ठाम मत आहे. गावात यावरून बराच वाद झाला. हातात स्मार्टफोन असताना हा वेगळा खर्च कशाला, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं.

माझं म्हणणं असं की फोन हे सत्तरीतल्या माणसाचं साधनच नाही. तो चार्ज करावा लागतो, उशीखाली राहतो, नकळत सायलेंट होतो. व्हॉट्सॲपचा कॉल घ्यायचा तर बटण वर सरकवावं लागतं. आईची बोटं जन्मभर कापूस वेचून आणि निंदण करून खरबरीत झाली आहेत. ती बोट ठेवते, सरकवते, स्क्रीनला कळत नाही. पुन्हा सरकवते, तोवर कॉल कट. मग बाबांना म्हणते, "जाऊ द्या, त्याले काम असन."

डिस्प्ले एका जागी राहतो, त्याला चार्जिंग नको, चेहरा मोठा दिसतो आणि कॉल नुसत्या आवाजावर लागतो. अलेक्साला, म्हणजे ॲमेझॉनच्या डिस्प्लेत आपलं बोलणं ऐकून काम करणाऱ्या सहायकाला, मराठी येत नाही, पण 2019 पासून हिंदी येते, आणि आपल्या भागात हिंदी कुणाला परकी नाही. "अलेक्सा, बड़े को वीडियो कॉल करो" एवढं आई सहज म्हणू शकते.

वाद खरा पेटला तो ड्रॉप इनवरून. एको शो या ॲमेझॉनच्या डिस्प्लेवर ही सोय आहे: ज्याला परवानगी दिली त्याचा कॉल समोरच्यानं न उचलताच जोडला जातो. आई न्हाणीघराकडे जाताना पडली, बाबांची शुगर अचानक कमी झाली, तर मला इथून घरात बघता आलं पाहिजे. मुलाला आईच्या घरात डोकावायची चोरी का असावी?

पुसदची सून

दादा, तुम्ही मुलाच्या बाजूनं लिहिलंत. मी त्या घरात राहणाऱ्या बाईच्या बाजूनं लिहिते.

तुम्ही डिस्प्ले ठेवाल तो मधल्या खोलीत, कारण वायफाय तिथेच नीट पोचतं. उन्हाळ्यात कूलरही त्याच खोलीत असतो, म्हणून सगळं घर तिथेच झोपतं. तिथेच पोरींची वेणीफणी, तिथेच लुगडं बदलणं, दुपारी शेजारची काकू येऊन आपलं दुखणं सांगते तेही तिथेच. या सगळ्यावर बाहेरगावच्या दिराला कधीही चित्र सुरू करता येणार. ड्रॉप इन लागल्यावर चित्र आधी धूसर असतं आणि मग साफ होतं, हे मला माहीत आहे. पण त्या काही सेकंदांत म्हातारीनं काय करायचं? पदर सावरायचा की स्क्रीनवर कॅमेऱ्याचं बटण शोधायचं?

दुसरी गोष्ट तर कुणी बोलतच नाही. बहुतेक मुलं स्वतःच्याच खात्यावर हे यंत्र सुरू करून देतात. मग आईनं अलेक्साला काय काय विचारलं, त्याची सगळी नोंद मुलाच्या ॲपमध्ये दिसते, आवाजासकट. आईनं एकटीनं बसून कोणतं भजन लावलं, कोणत्या दुखण्याचं औषध विचारलं, हे मुलानं का वाचावं? शिवाय एकाच खात्यावरच्या यंत्रांमध्ये ड्रॉप इनला वेगळी परवानगीही लागत नाही.

एकटं राहणाऱ्या माणसालाही दार लावून बसायचा हक्क असतो.

आर्वीचा वायरमन

तुमी दोघंई कॅमेऱ्यावरून भांडून रायले, लायनीचं कोनी बोलतच नाई. एको शोमंदी बॅटरी नसते. लाईन गेली का थे बंद, अन् तेच्यासंगं राउटरई बंद. लाईन आल्यावर दोनी आपोआप चालू होते, पन राउटरले नेट पकडाले काई मिंटं लागते. म्हातारा मानूस तेवढ्यात दहादा पलग काढते अन् लावते. राउटरले 12 व्होल्टचा मिनी यूपीएस पुरते. डिस्प्लेले घरचा इन्व्हर्टर पाह्यजे. थो नसन तर पावसायात हे मशीन नुसतं फयीवर ठेवल्यासारखं हाय.

अन् कूलर. मे महिन्यात 45 डिग्रीत कूलर बंद कोनी ठेवन? कूलरच्या बाजूले डिस्प्ले ठेवला तर पंख्याच्या अन् पान्याच्या आवाजात अलेक्साले काईच आयकू येत नाई. माय वरडत रायते अन् मशीन मुकं. मी लावून देतो तवा कूलरच्या समोरच्या भिंतीले, बाजेवर बसल्यावर डोयाच्या उंचीले येईन अशा फयीवर लावतो. दाराकडं तोंड करून बसनं होईन असं पायतो. नाई तं मागून उजेड येते अन् लेकराले मायचा चेहरा कायाच दिसते.

आनखी एक. घेतानी डबा वाचा. इथं इकत भेटते त्या गुगलच्या नेस्ट हबले कॅमेराच नाई. लोक घेऊन येते अन् मंग मले इचारते का आमी काऊन दिसत नाई.

काटोलकर, सध्या पुणे

माझं मत या दोन्हीपेक्षा वेगळं. डिस्प्लेच नको. साधा टॅबलेट घ्या, स्टँडवर ठेवा, चार्जर लावलेलाच राहू द्या. लाईन गेली तरी तो काही तास चालतो. त्यात सिम टाकलं तर राउटरचीही गरज नाही. व्हिडिओ कॉल चांगल्या दर्जाचा असेल तर तासाला 1 जीबीच्या आसपास डेटा जातो, तेवढा रोजच्या पॅकमध्ये बसतो. मुख्य म्हणजे त्यात व्हॉट्सॲप चालतं. एको शोवर व्हॉट्सॲपचं ॲप टाकता येत नाही, म्हणजे आत्या, मामा, नागपूरची भाची, सगळ्यांना आधी अलेक्साचं ॲप घ्यायला लावा. कोण घेणार? मग आईला फक्त तुमच्याशी बोलता येईल, बाकी गोतावळा तुटला. बहिणीशी बोलायला पुन्हा तोच फोन.

हिंगणघाटकर

टॅबलेटवर कॉल घ्यायला पुन्हा बटण सरकवणं आलंच. बोटांचा प्रश्न तिथेच राहिला. आत्या-मामांचं मात्र खरं आहे, त्यांच्यासाठी फोन राहीलच.

पुसदच्या ताई, तुमच्या घरात सून आहे, दीर आहेत. आमच्या घरात दोघंच आहेत. सगळ्या घरांना एकच नियम कसा लावता? आणि खासगीपणाचं म्हणाल तर आईच्या फोनलाही माईक आहेच, कॅमेरा आहेच.

यवतमाळचा वकील

फोन आणि हा डिस्प्ले एकच नव्हे. फोनचा कॉल आईनं उचलल्याशिवाय लागत नाही, ड्रॉप इन न उचलता लागतो. सगळा फरक तिथे आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालाचा कागद मुलाला दाखवायची वेळ आईवर येणार नाही, हे मलाही कळतं. पण तो हक्क वय झालं म्हणून कमी होत नाही.

कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशीही स्थिती नाही. मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज पालकांनी सांगूनही पुसली नाहीत, या आरोपावरून 2023 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर दंड भरायला लागला. ते प्रकरण अलेक्साचंच होतं.

सेवाग्रामची सिस्टर

तब्येतीचं कारण पुढे केलंय म्हणून लिहिते. दादा, ड्रॉप इननं आई पडलेली दिसेल, पण उचलणार कोण? तुम्ही हिंजवडीत. अलेक्साच्या कॉलिंगवरून 112 ला फोन लागत नाही, 108 ची गाडी बोलवायची तर साधा फोनच लागतो. डॉक्टरला घरून दाखवायची सरकारी ई-संजीवनी सेवाही फोनवर किंवा संगणकावर चालते. म्हणजे डिस्प्ले घेतल्यावरही शेजारच्या घरात एक किल्ली आणि एक नंबर द्यावाच लागणार. तो आधी द्या.

पण हे यंत्र फालतू आहे असंही मी म्हणणार नाही. लकव्यानं एक हात गेलेली माणसं मी रोज बघते. त्यांना फोन धरताच येत नाही. खाटेवर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावर नातवाशी बोलता येणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तरी मोठा चेहरा ओळखू येतो. अशा घरात जरूर बसवा. चालत्या-फिरत्या आईवर पहारा म्हणून बसवू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिंगणघाटकर

पहारा हा शब्द मला लागला. मला आईवर पहारा ठेवायचा नाही. रात्री अकराला फोन उचलला नाही की इथे छातीत धडधडतं, पहाटेपर्यंत झोप लागत नाही. गावात कुणाला उठवायचं? किल्ली शेजारी आहे, पण शेजारीही सत्तरीचेच.

पुसदची सून

दादा, तुमची धडधड खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण तुमच्या एवढ्या लिखाणात आई काय म्हणाली ते कुठेच नाही. तिला ड्रॉप इन म्हणजे काय ते कुणी समजावलं का?

बसवायचाच असेल तर असं करा. खातं आईच्या नंबरावर उघडा. ॲपमध्ये त्या यंत्राचं ड्रॉप इन सरसकट चालू ठेवू नका, फक्त तुमच्या एका नंबराला परवानगी द्या, तीही आईनं हो म्हटल्यावर. काही मॉडेलांत कॅमेऱ्यावर सरकवायचं झाकण असतं, ते कसं लावायचं आणि माईक बंद करायचं बटण कोणतं, हे तिच्या हातानं करवून घ्या. शिकवा तिला आधी "बंद" करायला, कॉल लावायला मग. रात्री झाकण लावलेलं असेल तर तुम्हाला फक्त आवाज मिळेल. एक हाक मारा, ती ओ देईल. तेवढ्यावर तुम्हाला झोप लागत नसेल, तर दिवाळीला याल तेव्हा तिच्यासमोर बसून बोला आणि झाकण उघडं ठेवायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

आर्वीचा वायरमन

झाकन असलेलंच मॉडेल घ्या मंग. अन् भाऊ, दिवाळीले येसान तं इन्व्हर्टरची बॅटरी पाहून घ्या, पानी कमी झालं असन.