शरणागती की एपिसोडची सोय?

एकाने म्हटलंय की जय जय स्वामी समर्थ या टीव्ही मालिकेत बाईने स्वामींपुढे पदर पसरला की शुक्रवारपर्यंत कृपा होणारच, म्हणजे लेखकाची सोय. अर्धं पटलं. घंटा वाजणं, समई फडफडणं, तीन-तीनदा क्लोजअप हे सगळं कंटाळवाणं आहेच (आमच्या घरी तर आई म्यूट करून जपमाळ ओढते). पण मला ती मालिका आवडते ती चमत्कारांसाठी नाही तर चोळप्पाच्या, म्हणजे स्वामींच्या अक्कलकोटच्या भक्ताच्या, घरासाठी. स्वामी १८५६ च्या सुमारास अक्कलकोटला आले, १८७८ ला समाधी, म्हणजे जवळपास बावीस वर्षं, त्यात बराच काळ वास्तव्य चोळप्पाकडे, आणि साक्षात देव घरात असून त्या घरातली ओढाताण काही संपली नाही, घरच्या बायकांना अवेळी चूल पेटवावी लागायची ती लागायचीच. आता सांगा, ही कृपा की परीक्षा? स्वामी झालेला अक्षय मुदवाडकर नुसता रोखून बघतो आणि काहीच देत नाही ते सीन बघा, तिथे शरणागती दिसते, कारण मागणं संपलेलं असतं.

बाकी सासू-सुनेच्या मालिकांत देवापुढे होतो तो नवस, शरणागती नव्हे. "माझा संसार वाचव, मी अनवाणी येईन", हा सरळ व्यवहार झाला ना. संत सखूच्या कथेत बघा, विठ्ठल तिच्या जागी घरात कामाला उभा राहतो पण सासूला अद्दल घडवत बसत नाही. आपल्या चॅनलवाल्यांनी आधी सासूलाच लकवा आणला असता.