जुन्या पण दमदार गाडीला मोठे ब्रेक बसवावेत का? (पसरणी घाटात घाम फुटल्यानंतरचा प्रश्न)

यवतेश्वरकर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. गाडी २००२ ची, १.५ पेट्रोल, ब्रेक पुढे डिस्कचे (चाकाबरोबर फिरणारी थाळी, तिला पॅड चिमटतात), मागे ड्रमचे, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथं ब्रँडचा आखाडा होतो. पालिओ १.६, सिटी व्हीटेक अशा ज्या गाड्या लोकांनी अजून जीव लावून ठेवल्यात, त्याच पंगतीतली समजा. इंजिन आजही कडक आहे.

गेल्या रविवारी पाचगणीहून पसरणी घाटानं खाली येत होतो. आम्ही दोघं, आई, दोन पोरं, डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या. निम्मा घाट उतरलो आणि जळका वास यायला लागला. एका वळणावर पेडल दाबलं तर लादीपावात पाय घातल्यासारखं आत गेलं. दोनतीनदा पंप केल्यावर गाडी धरली. आई मागून म्हणाली, "हळू ने की रे." तिला काय सांगणार! वाईला गणपतीपाशी गाडी लावून अर्धा तास बसलो, तेव्हा पेडल पुन्हा जागेवर आलं.

साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याला विचारलं. तो म्हणतो, याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलची मोठी डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवू, ब्रॅकेट मी बनवतो, मागंही डिस्क करून टाकू. चाळीस हजाराच्या आत काम. करू का?

मोठी_थाळी:
कर, बिनधास्त कर. पंधरा वर्षं झाली मी हेच सांगतोय आणि लोक मलाच येड्यात काढतात. वीस वर्षांपूर्वी ते ब्रेक ठरवले तेव्हा हायवेवर कोण १२० नं जात होतं? आता पुणे-सातारा रस्त्यावर डाव्या लेनमध्ये ९० नं चाललास तरी मागचा हॉर्न मारतो. डिस्कचा व्यास वाढला की त्याच पायाच्या जोरात चाक जास्त धरतं, लोखंड जास्त असल्यानं तापायला वेळ लागतो आणि गारही लवकर होतं. यात चुकीचं काय आहे ते कुणीतरी सांगा मला.

जुना_पाना:
मी सांगतो. पण आधी यवतेश्वरकर, एक सांगा. पेडल मऊ पडलं की कडकच राहिलं आणि गाडी थांबेना?

यवतेश्वरकर:
मऊ, काका. एकदम स्पंज.

जुना_पाना:
मग डिस्कचा विषय नंतर. पेडल कडक आहे आणि गाडी धरत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झाले. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑईल उकळलं. ऑईल उकळलं की पाईपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. तुम्ही पंप केलं तेव्हा ती वाफ दाबली गेली, म्हणून गाडी थांबली. अर्ध्या तासात वाफेचं पुन्हा ऑईल झालं, म्हणून पेडल वर आलं. सगळी लक्षणं त्याच दुखण्याची आहेत.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑईल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शिरल्यावर १४० वर येतं. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी बदलायचं ते याचसाठी. आता खरं सांगा, शेवटचं कधी बदललं?

यवतेश्वरकर:
गाडी माझ्याकडे सहा वर्षं आहे. कमी झालं की वरून टाकत आलो.

जुना_पाना:
😂 झालं की! ऑईल कमी होतं कारण पॅड झिजतात आणि पिस्टन बाहेर येतो, किंवा कुठंतरी गळतंय. वरून टाकून तुम्ही दोन्ही लपवलंत. मी एसटीच्या वर्कशॉपात हाडं झिजवलीत, तिथं असं कुणी केलं असतं तर फोरमननं पाना फेकून मारला असता. आणि घाट कुठल्या गिअरला उतरलात?

यवतेश्वरकर:
चौथा. अधूनमधून न्यूट्रल.

जुना_पाना:
न्यूट्रल!! ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरायचं, हे एसटीचा नवा ड्रायव्हरसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. चाळीस हजार ठेवा बँकेत.

पाटी_पेन्सिल:
सवय जात नाही म्हणून गणित मांडतो. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या आसपास. माणसं धरून गाडी १२५० किलो. एवढ्या उंचीवरून गाडी खाली आली की सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. १०० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबायला लागतात ५ लाखांपेक्षा थोडे कमी. म्हणजे पसरणी एकदा न्यूट्रलला उतरणं म्हणजे शंभरावरून चौदा-पंधरा वेळा थांबणं, तेही डिस्कला वारा लागेल असा वेग नसताना. एवढ्या उष्णतेत वीस लिटर गार पाणी उकळतं. आंघोळीचा आख्खा बंब! थोडा वाटा वारा आणि टायर घेतात, बाकी सगळं पॅड-डिस्कवर. गिअर खाली ठेवला तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं, फुकटात.

मोठी_थाळी:
मास्तर, तुमचं गणित माझ्याच बाजूचं आहे की. वीस लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता, मग ती झेलायला भांडं मोठं नको का? छोट्या पातेल्यात तेच दूध उतू जातं. शिवाय आत हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क असेल तर ती लवकर निवते.

दुसरं, कुणी टायरचं बोललंच नाही. याच मापात आज मिळणारा चांगला टायर २००२ च्या टायरपेक्षा जास्त धरतो. तेव्हा जोरात दाबलं की चाक लॉक व्हायचं. आता टायर धरून राहतो आणि ब्रेकच कमी पडतो. गाडीचा एक भाग सुधारला की दुसरा लंगडा वाटणारच.

जुना_पाना:
टायरचा मुद्दा मान्य. पण मग पुढचं ऐका. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा) जुनाच राहिला, तर तेवढं ऑईल ढकलायला पेडल जास्त खाली जाणार. लेथवाला हे सांगतोय का? पुढचं चाक जास्त धरायला लागलं की पुढची लवकर लॉक होणार आणि मागचे ब्रेक नुसते बसून राहणार. एबीएस नाही. पावसात कासच्या रस्त्यावर पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवा नाहीतर आरती ओवाळा, गाडी सरळच जाते.

आणि ते ब्रॅकेट! जाडी कितीची, पोलाद कुठलं, बोल्टवर मजबुतीचा १०.९ आकडा लिहिलाय का, की बाजारातला कुठलाही बोल्ट? गेटाच्या बिजागरीला चालतं ते इथं चालत नाही. मागं डिस्क तर नकोच. ड्रममध्ये हँडब्रेक आयता मिळतो आणि चढावर घट्ट धरतो. डिस्क केलीत की हँडब्रेकची वेगळी भानगड, मग यवतेश्वरच्या चढावर गाडी थांबवली की चाकाखाली दगड शोधा.

क्लेमवाली:
मधेच बोलते, कारण माझं काम विम्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्यानं मुळात दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर डिस्कचा व्यास नसतो, हे खरं. पण अपघातानंतर सर्व्हेअर चाक काढतो आणि त्याला घरी बनवलेलं ब्रॅकेट दिसतं, तेव्हा "आरसीत नाही" हे उत्तर किती चालतं ते मी टेबलाच्या या बाजूनं बघितलंय. बदल करायचाच तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. आणि गाडी २००२ ची म्हणजे २०२७ ला पुन्हा पासिंग आहे.

मोठी_थाळी:
ताई, विम्याचं बरोबर. पण सगळ्यांनी एवढी भीती घातली तर कुणी काही करायचंच नाही का? ऑक्टाव्हिया व्हीआरएसला चारही चाकांना डिस्क कंपनीतूनच होत्या.

जुना_पाना:
होत्या. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा), मास्टर सिलिंडर, एबीएस सगळं एकमेकांशी जुळवून बसवलेलं होतं. तुम्ही त्यातली फक्त थाळी उचलताय. नाव बरोबर घेतलंय तुम्ही स्वतःचं.

मोठी_थाळी:
😄 घ्या, मारली काकांनी.

यवतेश्वरकर (दहा दिवसांनी):
अपडेट. काकांचं ऐकून आधी जुनंच नीट केलं. ऑईल काढायची निपल उघडल्यावर जे बाहेर आलं ते ऑईल म्हणवेना, काकवी होती. पुढच्या डाव्या कॅलिपरची पिन गंजून जाम. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. म्हणजे एक चाक कित्येक महिने नुसतं तापत होतं. रबरी होस पाईप हातात वाकवला तर भेगा. चारही होस, पॅड, पिनांना ग्रीस, डॉट ४, डिस्कची जाडी मापून घेतली, अजून किमान मापाच्या वर आहे. सगळं मिळून नऊ हजारांच्या आतबाहेर.

काल एकटाच पाचगणीला जाऊन दुसऱ्या गिअरला उतरलो. पेडल वरच्या वर. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मला न्यायचं होतंस की."

मोठी_थाळी:
एकटा, दुसऱ्या गिअरला, गार हवेत. मे महिन्यात पाच माणसं घेऊन तिसऱ्याला उतर, मग बोलू.

जुना_पाना:
तिसऱ्याला कशाला उतरायचं?

मोठी_थाळी:
कारण मागचे सगळे तिसऱ्याला असतात, काका. दुसऱ्याला उतरणाऱ्याच्या ढुंगणाला टेम्पो चिकटतो.

यवतेश्वरकर:
चिकटला होता, काल. खोटं नाही बोलणार.

लेथवाल्याचा फोन आलाय, डिस्क आणून ठेवल्यात म्हणे. मागच्या ड्रमला हात लावायचा नाही, एवढं त्याला बजावलंय. पुढच्याचं मन अजून होत नाही आणि सुटतही नाही. त्याला म्हटलं, मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोजून सांग, मग बघू. तो म्हणाला, "तो कशाला मोजायचा?"

जुना_पाना:
मिळालं तुम्हाला उत्तर.